खुरपं लावण्याआधी गुलबक्षी ओळखा

जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन-तीन दमदार पाऊस होऊन गेले की आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतची माती हिरवीगार होते. त्यात एकदांडी असते, घोळ असते, गाजरगवत असतं आणि या सगळ्यांमधून जोडीजोडीने वर आलेली रुंद, जाडसर पानंही असतात. माळीमामा खुरपं घेऊन बसतात आणि विचारतात, "ताई, हे सगळं तणच ना? काढून टाकू?" माझं उत्तर दरवर्षी एकच असतं, "मामा, त्या गोल पानांच्या जोड्यांना आज हात लावू नका. ती गुलबक्षी आहे. त्यातली कुठली काढायची ते आपण पंधरा दिवसांनी बसून ठरवू."

बागकामाची आपली ठरलेली रीत म्हणजे बी आणायचं, वाफा तयार करायचा, पेरायचं आणि उगवण्याची वाट पाहायची. झिनिया किंवा ॲस्टर लावताना हे ठीक आहे. पण काही फुलझाडं ही कामं आपल्याकडे ठेवतच नाहीत. फूल सुकतं, बी झाडाखाली पडतं, मातीत दडून राहतं आणि ओल मिळाली की वर येतं. तेरडा, गणेशवेल, सदाफुली, पिवळा कॉसमॉस ही त्याच रीतीची झाडं. गुलबक्षी त्यांच्या एक पाऊल पुढे आहे, कारण ती बियांनी येतेच, शिवाय जमिनीखाली कंद धरून राहते. अशा झाडाच्या बाबतीत आपल्याकडे दोनच मोठी कामं उरतात. कोवळं असताना ते ओळखायचं आणि आलेल्या रोपांपैकी कोणतं राहू द्यायचं ते ठरवायचं. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांतली गुलबक्षी पाण्याअभावी किंवा किडीने जात नाही, ती खुरप्याने जाते. म्हणून ओळखीपासून सुरुवात करू.

दोन पानांची असताना

कोंब वर येतो तेव्हा दिसणारी पहिली दोन पानं म्हणजे बीजपत्रं. बियाच्या आत असताना तयार झालेली ही पानं पुढे येणाऱ्या पानांसारखी दिसत नाहीत. गुलबक्षीची बीजपत्रं लांबीला कमी आणि रुंदीला जास्त असतात. देठाशी त्यांना खाच असते आणि हाताला ती गुळगुळीत, मांसल लागतात. नीट पाहिलं तर जोडीतलं एक पत्र बहुतेकदा दुसऱ्यापेक्षा थोडं मोठं दिसतं. पिकलेलं बी फोडून पाहा म्हणजे त्याचं कारण कळेल. मधोमध पांढऱ्या पिठाचा गोळा असतो आणि रोपाचा गर्भ त्याच्याभोवती दुमडलेला असतो. बाहेरून वळसा घेणारं पत्र मोठं, आतलं लहान. ते पांढरं पीठ म्हणजे बाळरोपाची शिदोरी. पुरेसं पीठ घेऊन निघालेलं हे रोप भारी काळी माती फोडूनही जोमाने वर येतं.

चार-सहा दिवसांत खरी पानं दिसू लागतात. तीही समोरासमोर जोडीने येतात, खालून हृदयासारखी किंवा अंडाकार आणि टोकाशी निमुळती. कडा सरळ असते, तिला दाते नसतात. एवढ्यावरच तेरडा बाजूला पडतो, कारण तेरड्याच्या पानाची कड करवतीसारखी असते. धोतऱ्याचं कोवळं रोप अनेकांना फसवतं, पण त्याची बीजपत्रं लांब आणि अरुंद असतात, आणि पान चुरगळलं की उग्र वास येतो. आणखी एक फसवणारं झाड म्हणजे जांभळ्या फुलांची रुएलिया. तिचीही पानं समोरासमोर असतात, मुळंही फुगीर असतात आणि तीही कुंपणाच्या कडेने आपोआप पसरते. पण तिचं फूल सकाळी उमलतं आणि बी लांबट शेंगेत असतं. ती पिकलेली शेंग भिजली की तडकून फुटते. गुलबक्षीला शेंग धरतच नाही.

रोप वीतभर झालं की खोडाकडे पाहा. पानांची जोडी जिथे फुटते तिथलं पेर सांध्यासारखं फुगलेलं असतं आणि खोड त्याच ठिकाणी सहज मोडतं. खोडाच्या रंगावरून पुढच्या फुलाचा थोडा अंदाजही बांधता येतो. गडद गुलाबी-जांभळं फूल देणाऱ्या झाडाच्या पेरांवर बऱ्याचदा लालसर झाक असते, तर पांढऱ्या किंवा पिवळ्या फुलाचं खोड हिरवंगार असतं. मी विरळणी करताना याचा उपयोग करते. हा अंदाज दर वेळी बरोबर येतो असं नाही, पण सगळीच हिरवी किंवा सगळीच लाल रोपं ठेवून एकाच रंगाची रांग होण्याचं त्यामुळे टळतं.

पाकळ्या नसलेलं फूल

पूर्ण वाढलेली गुलबक्षी गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच, फांद्याफांद्यांची आणि भरगच्च असते. फुलं शेंड्यांना झुबक्याने येतात. पण ज्याला आपण फूल म्हणतो त्यात पाकळी एकही नाही. ती रंगीत तुतारी म्हणजे निदलपुंज, म्हणजे इतर फुलांत बाहेरून हिरवा असणारा भाग. इथे तोच रंगीत होऊन पाकळ्यांचं काम करतो. मग त्याच्या खाली दिसणारी पाच टोकांची हिरवी वाटी काय आहे? ती पानांचंच रूप असलेल्या छदांची वाटी. बोगनवेलीत हेच वेगळ्या पद्धतीने झालेलं दिसतं. तिथे छदं रंगीत होतात आणि खरी फुलं मध्ये बारीक नळ्यांसारखी उभी असतात. गुलबक्षी आणि बोगनवेल एकाच कुळातल्या आहेत. पावसाळ्यात रस्त्याकडेला जमिनीसरशी पसरणारी घेटुळी, म्हणजेच पुनर्नवा, हीसुद्धा त्याच कुळातली. तिचं फूल टाचणीच्या डोक्याएवढं असतं, तेव्हा हे नातं सांगितल्याशिवाय लक्षात यायचं नाही.

एका फुलातून एकच बी होतं. फूल गळून गेलं की हिरव्या वाटीत हिरवा मणी दिसतो आणि तो पिकून काळा, खडबडीत, पाच कडांचा होतो. वाटी उघडी असते, मण्याला धरून ठेवणारं काही नसतं. साडीचा पदर लागला, चिमणी फांदीवर बसली, पावसाचा टपोरा थेंब पडला की मणी खाली. शास्त्राच्या भाषेत हा मणी नुसतं बी नव्हे, फुलाच्या तळाचा टणक झालेला भाग आणि आतलं बी मिळून झालेलं फळ आहे. आपण त्याला बीच म्हणू.

हे बी हुबेहूब काळ्या मिरीसारखं दिसतं, म्हणून इथे एक सूचना अगदी मनापासून. गोळा केलेलं बी स्वयंपाकघरात, डब्यात किंवा बरणीत ठेवू नका. गुलबक्षीचं बी आणि कंद दोन्ही विषारी आहेत. पोटात गेले तर उलट्या आणि जुलाब होतात. लहान मुलं आणि पाळीव कुत्री असतील त्या घरात कंद उकरून उघडे टाकू नयेत. फुलांशी मुलांनी खुशाल खेळावं, मात्र नंतर हात धुवावेत. आमच्या लहानपणी या लांब नळ्यांची दोऱ्याशिवाय वेणी गुंफायचो, एका फुलाच्या नळीभोवती दुसऱ्याची नळी वळवत. तिन्हीसांजेला माळलेली ती वेणी सकाळपर्यंत मलूल व्हायची.

नावाबद्दल थोडं. उत्तरेत या फुलाला गुलअब्बास म्हणतात. आपल्याकडचे गुलबास आणि गुलबक्षी हे शब्द त्याच्याच घरातले आहेत. फारसीत 'गुल' म्हणजे फूल. मुघल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, त्या नावातही हाच 'गुल' आहे. फूल स्वतः मात्र फारसी नाही आणि भारतीयही नाही, ते उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं आहे. शास्त्रीय नाव मिराबिलिस जलापा. मिराबिलिस म्हणजे लॅटिनमध्ये 'नवलाचं', आणि जलापा हे मेक्सिकोतल्या एका शहराच्या नावावरून. या फुलाच्या रंगांचा हिशेब मांडायला बसलं की नवलाचं हे विशेषण पटतं.

दिवेलागणीचं वेळापत्रक

दुपारभर कळ्या मिटून असतात. ऊन उतरू लागलं, हवा जरा निवली की त्या उमलतात. नाशिकच्या उन्हाळ्यात मी पाच-साडेपाचच्या आधी उमललेली गुलबक्षी क्वचित पाहिली आहे. श्रावणातल्या ढगाळ दिवशी मात्र तीच झाडं चारलाच फुलतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप येईपर्यंत उघडी राहतात. प्रकाश आणि तापमान या दोन्हींवर हे वेळापत्रक चालतं.

संध्याकाळी उमलण्याचं कारण नळीच्या लांबीत आहे. नळी 3 ते 5 सेंटिमीटर लांब असते आणि मध तिच्या तळाशी असतो. तिथपर्यंत मधमाशीची जीभ पोहोचत नाही. पोहोचते ती हॉक मॉथ नावाच्या मोठ्या पतंगाची सोंड. हा पतंग अंधार पडताना निघतो आणि फुलावर न बसता हवेतच थरथरत मध पितो. त्याच्यासाठीच फूल संध्याकाळी उमलतं आणि गोड वासही तेव्हाच सोडतं. गच्चीवर किंवा अंगणात गुलबक्षी असेल तर सातच्या सुमारास दिवा न लावता दहा मिनिटं उभं राहा. पक्षी वाटावा एवढा पतंग दिसण्याची चांगली शक्यता असते.

पतंग आलाच नाही तर? फूल मिटताना बाहेर आलेले पाच पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र गुंडाळले जातात. त्या गुंडाळण्यात परागकण आपोआप स्वतःच्याच स्त्रीकेसराला लागतात. म्हणजे संध्याकाळभर परक्या परागाची वाट पाहायची, आणि तो न आल्यास सकाळी घरच्या घरी काम उरकायचं. शहरात पतंग कमी असले तरी गुलबक्षीला बी धरतं ते यामुळे. पुढे रंगांचा हिशेब करताना हे लक्षात ठेवायचं आहे: झाडावरचं कुठलंही बी स्वतःच्या परागाचं असू शकतं किंवा शेजारच्या झाडाच्या परागाचं.

बी जड असल्यामुळे वाऱ्याने उडत नाही, आईच्या पायाशीच पडतं. लांब जातं ते पाण्याच्या लोंढ्याबरोबर किंवा मातीच्या ट्रकमधून. जुन्या नाशिकमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. एखादा वाडा पाडला जातो, राडारोडा उचलला जातो, जागा वर्षभर पत्र्यांच्या आड पडून राहते, आणि पुढच्या पावसाळ्यात तुळशीवृंदावन होतं त्या कोपऱ्यात गुलबक्षी उभी राहते. ती माती जिथे भरावासाठी टाकली जाते तिथेही उगवते. गंगापूर रोडच्या नव्या इमारतीच्या कुंपणाला कोणी न लावलेली गुलबक्षी दिसली तर ती कुठल्या तरी परसातून आलेली असते.

पांढऱ्या झाडाची गुलाबी लेकरं

माझ्या आत्याच्या वाड्यात न्हाणीघराच्या मागे शुभ्र पांढरी गुलबक्षी होती. तिच्या शेजारी नेहमीची गडद, जिच्यावरून आपण साडीच्या रंगाला गुलबक्षी म्हणतो ती. मी पांढऱ्या झाडाखालचं मूठभर बी आणून लावलं. काही रोपांना पांढरी फुलं आली, काहींना फिकट गुलाबी. बी मी स्वतः पांढऱ्या झाडाखालून वेचलेलं, मग गुलाबी कुठून आली, हे मला तेव्हा कळेना. हा प्रश्न आनुवंशिकीतल्या एका प्रसिद्ध धड्याचा निघाला.

प्रत्येक रोपाला रंगाची सूचना दोन प्रतींत मिळते, एक आईकडून आणि एक परागाकडून. त्या सूचनेला जनुक म्हणतात. गडद फुलाच्या दोन्ही प्रती "रंग बनव" सांगतात. पांढऱ्या फुलाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. गडद आणि पांढऱ्याच्या संकरातून आलेल्या रोपाकडे एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असते. आनुवंशिकतेचे पहिले नियम वाटाण्यावरून मांडणाऱ्या ग्रेगॉर मेंडेलच्या वाटाण्यात अशी एक चांगली प्रत पूर्ण रंगाला पुरत होती, म्हणून जांभळं आणि पांढरं मिळून जांभळंच यायचं. गुलबक्षीत एका प्रतीने अर्धाच रंग तयार होतो, म्हणून फूल गुलाबी येतं. याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात. आता आत्याच्या झाडाचं कोडं सुटतं. जी फुलं सकाळी स्वतःच्याच परागावर फळली त्यांच्या बियांची रोपं पांढरी फुलली, आणि ज्यांवर पतंगाने शेजारच्या गडद झाडाचे पराग आणले त्यांची गुलाबी.

गुलाबी रोपं आपसात फळली तर तीन रंग परत येतात: साधारण चारांत एक गडद, दोन गुलाबी, एक पांढरं. पांढरा रंग पुसला गेलेला नसतो, गुलाबीच्या आत अर्ध्या हिश्शाने दडलेला असतो. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने हे गुलबक्षीवर तपासलं. मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम 1900 मध्ये ज्यांनी पुन्हा उजेडात आणले त्यांत कोरेन्स होता. खुद्द मेंडेलनेही गुलबक्षीवर काम केलं होतं. एका फुलाला एकच बी धरतं, मग त्यासाठी एक परागकण पुरेल का, हे त्याने एकेक कण लावून पाहिलं आणि पुरतो असा निष्कर्ष 1870 च्या आपल्या पत्रात कळवला.

पिवळा रंग आला की हिशेब वाढतो. गुलबक्षीचे रंग बीटालेन गटातल्या रंगद्रव्यांचे आहेत. बीट, लाल माठ, कोंबडा, बोगनवेल यांचा रंग याच गटातला. गोकर्ण, जास्वंद, जांभूळ यांचा रंग अँथोसायनिनचा, म्हणजे पूर्ण वेगळ्या गटाचा, आणि ज्या झाडात बीटालेन असतं त्यात अँथोसायनिन नसतं. घरीच पाहता येईल. गोकर्णाचं निळं पाणी लिंबू पिळताच जांभळं-गुलाबी होतं. गडद गुलबक्षीच्या पाण्यात लिंबू पिळा, रंग फारसा हलत नाही. बीटालेनमध्ये दोन उपप्रकार आहेत, एक जांभळट लाल आणि एक पिवळा. एकाच फुलात दोन्ही आले की केशरी, कुंकवासारखा लाल, डाळिंबी अशा छटा मिळतात. पिवळ्या द्रव्यावर निळा प्रकाश पडला की ते हिरवट चमकतं, आणि गुलबक्षीच्या फुलातली ही चमक 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिली.

आणि ठिपक्यांची, पट्ट्यांची फुलं? एकाच झाडावर एक फूल पिवळं, दुसरं अर्धं पिवळं अर्धं गुलबक्षी, तिसऱ्यावर कुंचला झटकल्यासारखे शिंतोडे. हा रोग नाही. रंगाच्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसलेला असतो, त्यामुळे ते जनुक बंद पडतं. फूल घडत असताना एखाद्या पेशीत तो तुकडा उठून निघून जातो आणि जनुक पुन्हा चालू होतं. त्या पेशीपासून पुढे जेवढ्या पेशी होतील त्या सगळ्या रंगीत. तुकडा लवकर निघाला तर रंगीत पेशींचा वंश मोठा, म्हणून रुंद पट्टा. उशिरा निघाला तर बारीक ठिपका. प्रत्येक फुलात ही घटना वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी घडते, म्हणून दोन फुलं सारखी येत नाहीत. असे भटके तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांत शोधले आणि 1983 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आपल्याला ते कुंपणाजवळ रोज संध्याकाळी फुकट पाहायला मिळतात.

पानांवर पांढरे-हिरवे पट्टे असलेली गुलबक्षी मिळाली तर ती जपा. कोरेन्सने 1909 मध्ये तिच्यावर प्रसिद्ध केलेलं काम आजही शिकवलं जातं. अशा झाडावर काही फांद्या पूर्ण हिरव्या, काही पांढरट, काही पट्ट्यांच्या असतात. हिरव्या फांदीवरच्या फुलाचं बी लावलं की रोप हिरवं येतं, पराग कुठल्याही फांदीचा असो. पानाला हिरवं करणारी हरितलवकं इथे आईच्या बाजूनेच येतात, परागातून येत नाहीत. फुलाच्या रंगात आई-बाप दोघांचा वाटा, पानाच्या पट्ट्यांत फक्त आईचा. पूर्ण पांढऱ्या फांदीच्या बियांतून पांढरी रोपं उगवतात आणि बियातली शिदोरी संपली की मरतात, कारण त्यांना अन्न बनवता येत नाही.

घरात बारावीचा विद्यार्थी असेल तर गडद आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर त्याच्या हातून जरूर करून घ्या. दुपारी तीनच्या सुमारास, उमलण्याच्या बेतात असलेली पांढऱ्या झाडाची कळी हलकेच चिरून बारीक चिमट्याने पाचही पुंकेसर काढायचे. संध्याकाळी गडद फुलाचे पराग त्या स्त्रीकेसराला टेकवायचे, कळीवर मलमलची छोटी पिशवी बांधायची आणि देठाला रंगीत दोरा. एका फुलाला एकच बी, म्हणून अशी तीस-चाळीस फुलं करावी लागतात. मार्चमध्ये पेरलं तर पहिली पिढी उन्हाळ्याच्या शेवटी फुलते, तिचं बी लगेच लावलं तर दुसरी पिढी दिवाळीच्या आसपास. मात्र मूळ झाडं पिवळ्याशी मिसळलेली असली तर अनपेक्षित छटा येतील. त्याही वहीत लिहून ठेवायच्या.

लावणं थोडं, आवरणं जास्त

मुद्दाम लावायची असेल तर काळं, टणक बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल टोचा. आठ-दहा दिवसांत उगवतं, दोन-अडीच महिन्यांत फुलतं. पाच-सहा तासांचं ऊन मिळालं की झाड दाट होतं. सावलीत उंच वाढून कलंडतं. नत्राचं खत नको, पानं माजतात आणि फुलं कमी येतात. लावताना मूठभर शेणखत पुरे.

नाशिकच्या काळ्या मातीत काळजी एकच, साचलेलं पाणी. चिकण मातीत आठवडाभर पाणी तुंबलं की कंद कुजतो. जागा थोडी उंच करा, मातीत मुरूम किंवा जाड वाळू मिसळा. कुंडी निदान फूटभर खोल हवी, उथळ कुंडीत कंदाला जागा मिळत नाही आणि झाड खुरटतं. मिलीबग दिसले तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, वाटल्यास निंबोळी अर्क फवारा.

थंडी वाढली, रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली जाऊ लागला की झाड थकल्यासारखं दिसतं. पानं पिवळी पडतात, फांद्या सांध्यांत निखळतात. इथे बरेच जण झाड मेलं समजून उपटतात. उपटू नका. जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा आणि पाणी कमी करा. खाली मुळ्यासारखा जाड, बाहेरून काळपट कंद जिवंत असतो. ऊब वाढली की त्यालाच नवे फुटवे येतात, आणि ते बियांच्या रोपांपेक्षा आधी फुलतात.

आता आवरण्याचं. एक जोमदार झाड एका मोसमात शेकडो बिया टाकतं. सगळी रोपं ठेवली तर दाटीत एकही धड फुलत नाही आणि शेजारची नाजूक झाडं सावलीत जातात. रोपं चार खऱ्या पानांची झाली की हातभर अंतरावर एक ठेवून बाकीची उपटा. या वयात ती सहज निघतात. कंद धरल्यानंतर उपटायला गेलं तर खोड मोडून हातात येतं आणि कंद खालून पुन्हा फुटतो, म्हणून मोठं झाड काढायचं असेल तर कुदळीने कंदासकट काढा. गुलाब आणि मोगऱ्याच्या आळ्यात मी एकही रोप ठेवत नाही. कुंपण, पायऱ्यांची बाजू, पाण्याच्या टाकीमागची पट्टी, जिथे दुसरं काही धरत नाही, तिथे तिला मोकळीक देते. पसरू द्यायची नसेल तर ऑगस्टपासून झाडाखाली जुनी चादर अंथरून आठवड्यातून एकदा बी झटकून घ्या.

पावसाळ्यात डोंगरांवर बियांचे गोळे टाकण्याचे उपक्रम आपल्याकडे उत्साहाने होतात. त्या गोळ्यांत गुलबक्षीचं बी घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. सहज उगवतं म्हणूनच ते तिथे नको. नाशिकजवळच्या अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिकासारखं कंदीलपुष्प आहे, ज्याची ओळखच त्या डोंगराच्या नावाने आहे. तिथल्या पातळ मातीवरचा हक्क अशा झाडांचा. कंद धरून बसणारं, दाट सावली करणारं परदेशी झाड अंगणात शोभतं, डोंगरावर ते घुसखोर ठरू शकतं. छाटलेल्या फांद्या आणि पिकलेलं बी नाल्यातही फेकू नये, पाणी ते थेट गोदाकाठी नेऊन पेरतं.

हवा तो रंग टिकवण्याचा मार्ग बियात नाही, कंदात आहे. बियात दर वेळी प्रतींची नवी वाटणी होते, कंद मात्र त्याच झाडाचं शरीर असतं, म्हणून त्यातून फुटलेली गुलबक्षी जुन्याच रंगाची फुलते. ऑक्टोबरमध्ये झाडं भरात असताना आवडलेल्या झाडाच्या खोडाला लोकरीचा धागा बांधा. फांद्या वाळल्या की सगळी झाडं सारखीच दिसतात. जानेवारीत धागा पाहून कंद काढा, माती झटका, दोन दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत घालून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. मार्चमध्ये डोळे वर करून पुन्हा लावा.

आत्याचा वाडा विकायचा ठरला त्या थंडीत आम्ही न्हाणीघरामागची जमीन उकरली. कंद माझ्या मनगटाएवढा जाड निघाला, एका बाजूला दगडाला वळसा घालून वाढलेला. पोत्यात गुंडाळून रिक्षातून घरी आणला. आज तो माझ्या पूर्वेकडच्या कुंपणाशी आहे. आजूबाजूला त्याची बियांपासून झालेली गुलाबी रोपं आहेत, आणि तो स्वतः दर श्रावणात शुभ्र फुलतो.